घटीचा खुलासा

४ जानेवारी २००१, गुरुवार

खतवाल्याने फुकट दिलेली डायरी. प्रत्येक पानाच्या तळाशी युरियाचे फायदे छापले आहेत. गोजर म्हणाली, "तुमी घरात बोलत नाय, निदान यात तरी बोला." बायकोचं ऐकण्याची ही वर्षातली पहिली वेळ. शेवटचीही असेल.

नाव महिपत, वय सत्तेचाळीस, शहापूरच्या एका लहान कचेरीत मासे मोजण्याच्या कामावर. ओढेनाले, नद्या, डोह यांतून माणसांनी किती मासे धरले याचा वार्षिक तक्ता मी भरतो. तक्ता भरतो म्हणजे मासे मोजतो असं कोणी समजू नये.

आज ठाण्याहून साहेबांचा फोन. अठरा फेब्रुवारीला मुरबाडला मच्छीमार मेळावा आहे. तिथे लावायला मोठा तक्ता हवा: ‘श्रीमंत देश आणि विकसनशील देश, नैसर्गिक मासळीची पकड, १९५० पासून आजपर्यंत’. इंग्रजी अहवाल टपालाने येतोय. मराठी मी करायचं, रेघा मी ओढायच्या. "महिपत, तुमचं अक्षर चांगलं आहे," साहेब म्हणाले. अक्षर चांगलं असण्याचे तोटे युरियासारखे कोणी छापत नाही.

९ जानेवारी

कार्डबोर्डवर दोन रेघा ओढल्या. निळी श्रीमंतांची, लाल गरिबांची. तळ्यात बीज सोडून वाढवलेले मासे यात नाहीत. समुद्रात-नदीत आपले आपण वाढलेले आणि माणसाने जाऊन पकडलेले तेवढेच.

१९५० साली निळी वर आणि लाल तिच्या पायाशी. मग दोघी चढत जातात. ऐंशीच्या दशकात कुठेतरी लाल निळीला गाठते. मग निळी उतरायला लागते, लाल वरच जात राहते. एखादी शिकलेली नणंद थकून बसावी आणि घरच्या सुनेने दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकावा तसं दिसतं.

अहवालात कारणंही दिली आहेत, तीही मी तक्त्याच्या कडेला मराठीत लिहिली. श्रीमंतांनी आपले समुद्र उपसून काढले, मग घाबरून नियम केले. कॅनडाने ब्याण्णव साली कॉड नावाचा मासा धरायचं बंदच केलं; हजारो माणसं घरी बसली, सरकारने त्यांना भत्ता दिला. त्यांच्या मोठ्या बोटी दुसऱ्यांच्या समुद्रात जातात. पेरू देशातला बारका मासा सुकवून, दळून, परक्या मुलखातल्या डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात जातो. तो पेरूने धरला म्हणून लाल रेघ वर. खाल्ला कोणी याची रेघ नाही.

तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की काही देशांचे आकडे जपून वापरावेत. ते बारीक अक्षर मी मराठीत घेतलं नाही. कार्डबोर्डवर जागा नव्हती.

१७ जानेवारी

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही असं गृहीत धरून लिहितो.

१९९० साली मी खरंच मोजले होते. कचेरीची सायकल होती, ताणकाटा होता. डोळखांबच्या पुढे उंबरखोल पाड्यापासून खाली शेणव्यापर्यंतची नदी माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा जायचं, पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकणाऱ्यांच्या टोपल्या ताणकाट्याला लावून तोलायच्या. वर्षाचे एकेचाळीस टन आले. माझ्या आयुष्यात मी सरकारला दिलेला तो सगळ्यात खरा आकडा.

पुढच्या वर्षी सायकल मोडली, दुसरी मिळाली नाही. पाड्यावरच्यांना विचारलं, लोक म्हणाले मासा कमी आहे. मी छत्तीस लिहिले. वरून पत्र आलं: पाच टनांच्या घटीचा खुलासा तीन प्रतींत सादर करावा. सादर केला. मग खुलाशातल्या दोन वाक्यांचा खुलासा मागवला. तोही सादर केला. मग तेव्हाच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि चहा पाजून म्हणाले, "अहो, वाढ दाखवली तर मी कधी काही विचारलंय का?"

मी तो तक्ता परत घेतला आणि त्रेचाळीस लिहिले. खरंच कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून दरवर्षी पाच टक्के. कधी साडेचार, म्हणजे मोजल्यासारखं वाटतं. गेल्या वर्षी सहासष्ट टन झाले.

माझा तक्ता ठाण्याला जातो, तिथून वर, तिथून दिल्लीला, तिथून साता समुद्रापलीकडे, जिथे हा इंग्रजी अहवाल शिजतो. म्हणजे लाल रेघेत केसाच्या शंभराव्या भागाएवढा मी आहे. आपल्या तालुक्यातून आजवर इतक्या लांब दुसरं कोणी पोचल्याचं ऐकलं नाही.

लिहून झाल्यावर काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

उंबरखोलची भिमी आली. चौदा घरांच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. पूर्वी बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन आमच्या पायरीवर यायची. गेलं दीड वर्ष आली नाही. भिमी सगळ्यांना अरेतुरे करते. एकदा तहसीलदारांना "बस रे, उभा का" म्हणाली होती आणि ते बसले होते.

"साहेबा, कागुद आनलाय. बघ बरोबर हाय का."

"बस. कोणी लिहिला?"

"मास्तरान. मी बोलली, त्यान लिवला. चार टायमाला खोडाया लावला मी. तो लिवत होता ‘विनम्र’. मी बोलली, ते नंतर लिव, आदी मासं लिव."

अर्ज सरळ होता. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये पाड्याच्या वरच्या अंगाला तलावाची भिंत पुरी झाली. पावसाळ्याच्या तोंडाला खालून वर चढणारा मासा अडला. अंडी घालायला जागा नाही. नदी रिकामी. तेव्हा तलावातल्या मासेमारीचा हक्क आमच्या सोसायटीला द्यावा.

नियम त्यांच्या बाजूचा आहे. तलावामुळे खालची मासळी घटली असेल तर पहिला हक्क नदीवर जगणाऱ्यांचा. घटली नसेल तर खुला लिलाव. लिलावाला कोण येणार ते तालुक्याला ठाऊक आहे. त्याची गाडी आमच्या कचेरीसमोर महिन्यातून दोनदा उभी असते.

"रघू काय करतो?" मी विचारलं. रघू तिचा नवरा. त्याच्यासारखा पाग टाकणारा मी पाहिला नाही.

"सकाळी पाग घेऊन जातो, संध्याकाळी पाग धुवून आनतो."

"आणि तलाव नाही मिळाला तर?"

"मंग इटभट्टी. आता चार म्हयने जातो, मंग बारा म्हयने जाऊ. पाड्याला कुलूप लावाया कुलूप बी नाय आमच्याकडं." हसली. "तू मोजला होतास ना रे आमचा मासा? सायकल घेऊन यायचास. तूच सांग ना त्याना, कवडा होता आन् कवडा ऱ्हायला."

"बघतो," मी म्हणालो.

सरकारी नोकरीत ‘बघतो’ हा शब्द सर्वात जास्त वापरला जातो आणि त्यात डोळ्यांचं काहीच काम नसतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मुरबाडचा मेळावा. मांडवात शंभरेक माणसं, त्यातली निम्मी जेवणासाठी, बाकीची जेवण वाढण्यासाठी. माझा तक्ता व्यासपीठामागे. पाहुण्यांनी त्याच्याकडे पाठ करून भाषण केलं. "बंधूंनो, ही लाल रेघ बघा! साऱ्या श्रीमंत देशांना आपण मागे टाकलं!" टाळ्या. रेघ ओढणारा म्हणून मला नारळ मिळाला.

भाषण संपल्यावर भिमी तक्त्यासमोर उभी. नाकाला रंग लागेल इतकी जवळ.

"ही तांबडी आपली?"

"आपल्यासारख्या सगळ्या देशांची मिळून."

"आन् निळी गोऱ्यांची. त्यांची खाली का येली?"

"त्यांनी मासे धरणं कमी केलं. काही संपले, काही त्यांनी राखायला सोडले. एका देशाने तर एक मासा धरायचं बंदच केलं, घरी बसलेल्यांना सरकारने खायला पैसे दिले."

"खातात काय मंग?"

"आपले विकत घेतात."

"ह्या तांबड्यात आमची नदी धरली का?"

"धरली."

"वर जाताना?"

"हो."

भिमीने रेघेवर बोट ठेवलं आणि शेवटापर्यंत नेलं. "बरा हाय रं. हितं तर आमी लय मासं खातोय." मग मोठ्याने हसली. आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. मीही हसलो. हसायला काय लागतं?

नारळ गोजरने फोडला. नासका निघाला.

७ मार्च

अर्ज नामंजूर. पत्राचा मसुदा मलाच करायला लावला, अक्षर.

"कार्यालयीन तक्त्यानुसार सदर नदीतील पकड सन १९९० मध्ये ४१ टन असून सन २००० मध्ये ६६ टन आहे. तलावाची भिंत पूर्ण झाल्यानंतरही वाढ कायम आहे. सबब मासळी घटल्याचा दावा वस्तुस्थितीस धरून नाही."

वाक्यरचना निर्दोष आहे. दोनदा वाचून पाहिलं.

१५ मार्च

आमच्या कचेरीत आवक-जावक जयराम बघतो. खर्डीचा. दुपारी डबा उघडताना म्हणाला, "महिपतराव, तुमचे सहासष्ट टन ठेवले कुठे? मला एक किलो हवा होता."

मी म्हणालो, "टोमणा कळला."

"टोमणा नाय. त्या बाईने अपील केलंय. चोवीस एप्रिलला ठाण्यात सुनावणी आहे. साक्षीला तुम्ही. आज आवक केली." भाकरी मोडत पुढे म्हणाला, "तुम्हाला दोन ओळी लिहायच्यात. एक्क्याण्णवपासूनचे आकडे प्रत्यक्ष मोजून घेतलेले नाहीत. खाली सही."

"आणि नोकरी?"

"चौकशी लागेल. कदाचित बसवतील घरी. मी खोटं नाय सांगत, बसवतीलही. पण तिकडे चौदा घरं बसणार आहेत, महिपतराव, ती कायमची."

"तू केलं असतंस?"

जयरामने मोडलेला तुकडा परत डब्यात ठेवला. "मला माहीत नाय," म्हणाला. "पण माझा बाप छप्पन साली दीक्षा घेऊन गावात परत आला तेव्हा त्यालाही विचारलं होतं लोकांनी, आता तुमचं पोट कोण भरणार. तो म्हणाला, बघू, पण खाली मान घालून नाय भरणार." मग डबा धुवायला गेला.

बापाची उदाहरणं देणाऱ्या माणसांशी वाद घालता येत नाही.

८ एप्रिल, रविवार

दहा वर्षांनी ताणकाटा काढला. गंजला होता, पण गोजरने पाच किलो गुळाने तपासला, बरोबर दाखवतो. ती म्हणाली, "मोजायला चाललात?" मी हो म्हणालो. तिने डब्यात तीन भाकऱ्या जास्त घातल्या. अशा वेळी ती बोलत नाही, भाकऱ्या घालते.

उंबरखोल. नदीत पाणी नाही, डोह उरलेत. रघूने सकाळपासून पाग टाकला. मी आकडे लिहीत होतो म्हणून सांगतो: एकतीस वेळा. पाग हवेत उघडताना अजूनही तसाच दिसतो, भाकरीसारखा गोल. खाली बसतो. रघू दोरी ओढतो. चिखल, पाला, एक प्लास्टिकची पिशवी. चार खवल्या, मूठभर मुऱ्या, एक शिंगटी. सगळे मिळून साडेसहाशे ग्रॅम. दोन माणसं, एक दिवस.

बाकीच्या घरांनाही विचारलं, त्यांच्या टोपल्या तोलल्या. वर्षाचा हिशेब मांडला तर सगळ्या नदीचे तीन टन होतात. तेही मी मन मोठं करून.

भिमीने वर भिंतीकडे हात केला. "मासा चढाया येतो, भितीवं डोकं आपटतो. पयल्या वर्सी खाली नुसता खच पडला होता. पोत्यानी धरला लोकानी. आमी धरला, डोळखांब येला, शेणव्याची मानसा येली. चार दिस कोनी जेवला नाय, मासंच खाल्लं. आमाला वाटला देव पावला." डोक्यावरचा पदर सारखा केला. "दुसऱ्या वर्सी येलाच नाय. यायाला ऱ्हायलाच कोन?"

मी तेही लिहून घेतलं. सवय.

त्या साडेसहाशे ग्रॅमचं तिने कालवण केलं आणि मलाच जास्त वाढलं. रघू म्हणाला, "कसा झालाय?" मी म्हणालो, झकास. तिखट होतं की अळणी ते मला सांगता येणार नाही. हल्ली तोंडाला चव नसते. उन्हाळ्यामुळे असेल.

निघताना भिमी म्हणाली, "चोवीसला तू बोलशील ना रे?"

"बोलीन."

‘बघतो’ म्हणालो नाही, याची नोंद करून ठेवतो.

२० एप्रिल

जयरामने सांगितलेल्या दोन ओळी लिहिल्या. चांगल्या कागदावर. सही केली. घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात.

दुसरा कागदही तयार केला: ताजी मोजणी, तीन टन, तारीख, डोहांची नावं, टोपल्यांची वजनं. हा खरा आकडा एवढा बोलका आहे की पहिला कागद कदाचित काढावाच लागणार नाही. तीन टन ऐकल्यावर कोणता शहाणा माणूस म्हणेल की नदीत मासा आहे?

२४ एप्रिल, मंगळवार

एसटीने ठाण्याला. भिमी आणि रघू आधीच व्हरांड्यात बसले होते. रघूने नवा सदरा घातला होता, घडीच्या खुणा तशाच.

सविस्तर लिहितो, कारण आज मी बोललो.

साहेबांनी विचारलं, "सध्याची पकड किती?" मी उभा राहून सांगितलं, "तीन टन. मी स्वतः मोजली." अकरा वर्षांतला पहिला खरा आकडा, आणि तो मी साहेबांच्या तोंडावर सांगितला. भिमीने रघूला कोपराने ढोसलं ते मला दिसलं.

साहेब तक्ता चाळायला लागले. "गेल्या वर्षी सहासष्ट. यंदा तीन. त्रेसष्ट टनांची घट." चष्मा काढला. "भिंतीमुळे म्हणता?"

"हो साहेब."

"भिंत झाली नव्व्याण्णवच्या जूनमध्ये. दोन हजार साली तुमचेच सहासष्ट आहेत. म्हणजे भिंत झाल्यावर मासा वाढला. मग भिंतीने कसा गेला?"

हा प्रश्न मी घरी स्वतःला विचारला नव्हता. इतका सोपा होता.

"सहासष्ट बरोबर आहेत ना?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. उलट पाणी पुढे केलं. "नीट आठवून सांगा, महिपत. आकडा चुकीचा असेल तर तसं सांगा. मग ते प्रकरण निराळं होईल."

खिशातल्या कागदाची घडी छातीला टोचत होती. मी पाणी प्यालो.

"तक्त्यात आहे तसं आहे," मी म्हणालो.

"मग घटीचा खुलासा लागेल."

खुलाशाचा नमुना छापील असतो. दुष्काळ. पूर. रोगराई. अतिमासेमारी. इतर, पुराव्यासह. दुष्काळ यंदा नाही, पूर नाही, रोगराई नाही. इतर म्हणजे तो खिशातला कागद. साहेब म्हणाले, "एका वर्षात त्रेसष्ट टन जायला काही तरी झालं असेल. तुम्ही प्रत्यक्ष गेला होतात. लोक काय म्हणाले?"

मी वही उघडली. वहीत होतं ते वाचलं. "भिंतीखाली खच पडला होता. पोत्यांनी धरला. पाड्यानेही धरला."

"हो, धरला," भिमी मागून म्हणाली. "म्या सांगितलाय त्याला. खोटा नाय." तिला वाटलं मी तिच्या बाजूने वाचतोय. मलाही तसंच वाटत होतं.

अतिमासेमारीवर खूण केली. तांत्रिक बाब आहे. मुख्य मुद्दा असा की तीन टन हा आकडा रेकॉर्डवर आला.

परतीच्या एसटीत भिमीने मला खिडकीची जागा दिली. "बोललास रे तू," म्हणाली. रघूने तंबाखू पुढे केली.

संध्याकाळी गोजरला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "तीन सांगितलेत ते बरं केलंत," म्हणाली. "पन मागचे सगळे?"

"ते जुने. त्यांचा आता काय संबंध?"

तिने माझा शर्ट खुंटीवरून धुवायला घेतला. खिसे तपासायची तिची सवय आहे. कागद काढला, उघडला, वाचला, घडी घालून पुन्हा माझ्यासमोर ठेवला. भाकऱ्या मोजून वाढल्या.

३ मे

काही नाही.

११ मे

जयराम दुपारी डबा बाहेर पिंपळाखाली बसून खातो. आत उकडतं म्हणाला. पंखा माझ्या टेबलावर आहे, त्याच्याकडे वळवला तरी आला नाही.

२१ मे, सोमवार

निकाल आला. सरळ नकलून ठेवतो.

एक: नदीतील मासळी अतिमासेमारीमुळे नष्टप्राय झाल्याचे खुद्द अर्जदारांनी मान्य केले आहे. सबब तलावाचा पहिला हक्क देता येत नाही. खुला लिलाव व्हावा.

दोन: पुढारलेल्या देशांनी अशा प्रसंगी अवलंबिलेला मार्ग लक्षात घेता, मासळीची वाढ व्हावी म्हणून उंबरखोल ते शेणवा नदीपात्रात एक जूनपासून तीन वर्षे मासेमारीस पूर्ण बंदी.

दुसऱ्या कलमातलं ‘पुढारलेल्या देशांनी अवलंबिलेला मार्ग’ हे शब्द माझ्या मुरबाडच्या तक्त्यातले आहेत. साहेबांनी तो नीट वाचला होता. त्या मेळाव्यात तक्ता वाचणारी बहुधा दोनच माणसं होती. साहेब आणि भिमी.

भत्त्याचं कलम शोधलं. पान उलटून मागेही पाहिलं.

नोटीस पाड्यावर वाचून दाखवून अंगठे घेण्याचं काम मला. जाऊन आलेला मीच, रस्ता माहीत.

२३ मे

साहेबांना खिशातल्या कागदाचं सांगायचं, आणि कचेरीच्या फोनवर सगळे ऐकतात, म्हणून टपाल कचेरीत गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. शेणव्याच्या एका मुलीला तिच्या मावशीला तातडीने काही सांगायचं होतं, म्हणून तिला पुढे जाऊ दिलं. मग दुसऱ्याला. मग खिडकी बंद झाली.

माणसांना पुढे जाऊ देण्याचा गुण माझ्यात पूर्वीपासून आहे.

३० मे, बुधवार

उंबरखोल.

चौदा घरांतली माणसं भिमीच्या अंगणात जमली. त्यांना वाटलं तलावाचा कागद आणलाय. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची मागून आणली होती. मी उभ्यानेच वाचलं. माझा वाचण्याचा आवाज चांगला आहे, शब्द स्वच्छ येतात. पहिलं कलम झालं. दुसरं झालं.

पहिल्यांदा रघू बोलला. "तीन वर्सा पाग कुठं टाकायचा?"

"टाकायचा नाही."

"पागच नाय टाकायचा?" त्याला पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली, जणू मी दुसऱ्या कुठल्या तरी गावाबद्दल बोलतोय.

भिमीने विचारलं, "गोऱ्यानी बंद केला होता तसा?"

"तसाच."

"त्याना सरकारान खायाला दिला बोललास ना? आमच्यासाठी काय आनलास?"

मी कागदात पाहिलं. कागदात नाही हे मला पाठ होतं, तरी पाहिलं.

"आन् त्यांचा मासा येला का परत?"

"अजून नाही. नऊ वर्षं झाली."

एक म्हातारी उठून आत गेली. बाकीचे बसून होते. कोणी शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी लवकर निघालो असतो.

"पोत्यानी धरला, ते म्या तुला जेवाया बसवून सांगितला होता," भिमी म्हणाली. एवढंच. आवाजात राग शोधला. सापडला नाही.

मग मी शाईची डबी उघडली. अंगठे घेताना माणसाचा हात आपल्या हातात धरून कागदावर दाबावा लागतो, नाहीतर ठसा फिसकटतो. रघूचा अंगठा घेतला. पागाच्या दोरीने कातडी झिजून गुळगुळीत झालेली. रेषा उठल्याच नाहीत, नुसता काळा डाग. पुन्हा घेतला. पुन्हा डाग. "चालंल का?" त्याने काळजीने विचारलं. चालेल म्हणालो. बाकीच्या घरांचेही घेतले. काही उठले, काही डागच. सर्वात शेवटी भिमीचा.

सगळे ठसे झाल्यावर खाली शेरा लिहायचा असतो. लिहिताना तोंडाने म्हणायची मला सवय आहे. "वाचून दाखवले. समजले. मान्य."

भिमी पदराला अंगठा पुसत होती. थांबली.

"वाचलास, बरोबर. समजला, ते बी बरोबर," ती म्हणाली. "मान्य कोन बोलला?"

छापील असतं ते, असं सांगता आलं असतं. पण छापील नव्हतं. तेवढा शब्द मीच लिहिला होता, शाई ओली होती, आणि अक्षर चांगलं आलं होतं.